ईयोबाच्या मित्रांची चूक

रायपूरच्या बूढापाऱ्यात १८७७ साली कोलकात्याचं एक दत्त कुटुंब येऊन राहिलं. वडील विश्वनाथबाबू वकील, थोरला मुलगा नरेंद्र चौदा वर्षांचा. आज बूढा तलावाला विवेकानंद सरोवर म्हणतात आणि त्याच्या मधोमध त्या मुलाचा पुतळा उभा आहे. बूढापाऱ्यातली ती दोनेक वर्षं शहर अभिमानाने सांगतं. पुढे त्या घराचं काय झालं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. १८८४ मध्ये विश्वनाथबाबू अचानक वारले. कर्ज उघडं पडलं, भाऊबंदांनी घरावर दावा लावला आणि नरेंद्र उपाशीपोटी नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. सकाळी देवाचं नाव घेत उठणाऱ्या या मुलाला एकदा आईनेच अडवलं. लहानपणापासून देव देव करतोस, त्या देवाने आपलं काय केलं, असा भुवनेश्वरीदेवींचा रोख होता. पुढे संन्यासी होऊन हिंडताना याच नरेंद्राच्या झोळीत गीतेच्या जोडीला टॉमस केम्पिसचं ख्रिस्तानुकरणावरचं पुस्तक असे. १८८९ मध्ये त्यांनी त्यातल्या काही भागाचा बंगालीत अनुवादही केला. क्रूस खांद्यावर घेऊन चालण्याची वाट, या विषयावर त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे.

ख्रिस्ती जीवनातल्या दुःखाचा आढावा घेताना भुवनेश्वरीदेवींपासून सुरुवात केली, कारण त्यांचा प्रश्न कोणत्याही धर्माच्या आईचा आहे. पाप केलं आणि फळ भोगलं, एवढं सगळ्यांना कळतं. न केलेल्या गोष्टीची शिक्षा आली की मात्र विश्वास ठेवणाऱ्याची पंचाईत होते. देव नाही असं मानणाऱ्याला निदान जाब विचारायला कोणी नसतं. विश्वास ठेवणाऱ्याला असतो, आणि तोच गप्प असतो.

छत्तीसगडच्या मंडळीला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नाही. मिशनरी ऑस्कर लोर १८६८ मध्ये रायपूरला आले आणि त्यांनी विश्रामपूर वसवलं. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १८९७ आणि १९०० या दोन दुष्काळांनी हा मुलूख सोलून काढला. धमतरीत मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये आलं ते याच धामधुमीत, आणि त्यांचं सुरुवातीचं काम होतं अन्न वाटणं आणि पोरक्या मुलांना घर देणं. इथल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची कहाणी अनाथालयाच्या दारातून सुरू होते. पोटासाठी बाटलेले, असं त्यांना हिणवलं गेलं. मला त्या हिणवण्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या मुलांनी आईबाप भुकेने मरताना पाहिले, त्यांना देव प्रेमळ पिता आहे असं शिकवलं गेलं, आणि त्यांतल्या पुष्कळांनी ते मनापासून मानलं. ते त्यांनी कशाच्या बळावर मानलं असेल?

मराठी माणसाने हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो काशीत. नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू मतावर टीका केली, तेव्हा त्याला उत्तर म्हणून गोऱ्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांच्या आक्षेपाचा गाभा सरळ होता. कोणी जन्मतःच दुःखात पडतो. पूर्वजन्मीचं कर्म मानलं तर त्याचा हिशेब लागतो. न मानलं तर देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो. ब्रह्मसूत्रांतला वैषम्य आणि नैर्घृण्याचा हा जुना मुद्दा त्यांनी पाद्र्यांच्या दारात नेऊन ठेवला. तेव्हा ते विशीच्या आसपास होते. १८४८ मध्ये याच गोऱ्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला.

म्हणून आक्षेप फिटला असं कोणी समजू नये. शंकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. मुलगी एलन लक्ष्मी १८५३ मध्ये जन्मली आणि थोड्याच दिवसांत पत्नी गेली. मुलीला परक्या घरात वाढावं लागलं. कर्मसिद्धान्त सोडताना गोऱ्यांनी हातचं तयार उत्तर सोडलं होतं, आणि बदल्यात तितकं चोख उत्तर त्यांना कोणी दिलं नाही. ख्रिस्ती धर्मात अशा चोख उत्तराची जागा रिकामी आहे, आणि ती रिकामीच राहू द्यावी असं माझं मत आहे. ती भरण्याची घाई जिथे जिथे झाली, तिथे दुःखी माणसावर आणखी एक घाव बसला आहे.

पवित्र शास्त्रात याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ईयोबाचं पुस्तक. ऊस देशातला हा सात्त्विक माणूस एका दिवसात गुरंढोरं, नोकरचाकर आणि दहा मुलं गमावतो, मग अंगभर फोड येतात. बेचाळीस अध्यायांपैकी सुरुवातीचे दोन आणि शेवटचा अर्धा अध्याय गोष्टीचा. बाकी सगळा वाद. आपण प्रवचनात ऐकतो तो पहिल्या दोन अध्यायांतला सोशिक ईयोब. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि मग पुस्तकभर देवाशी भांडतो, हे प्रवचनात येत नाही. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांनी केलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती. तोंड उघडताच ते देवाची वकिली करू लागले: तू काहीतरी केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल, आपली चूक कबूल कर म्हणजे सुटशील. त्यांची वाक्यं सुटी काढून वाचली तर धार्मिक वाटतात, भिंतीवर लावावीत अशी. पुस्तकाच्या शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग या मित्रांवर असतो. माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा त्याचा निवाडा आहे. ज्याने देवावर आरोप केले तो खरा ठरला आणि ज्यांनी देवाची बाजू सांभाळली त्यांना बळी अर्पून ईयोबाकडून प्रार्थना करवून घ्यावी लागली.

आणि देव ईयोबाला कारण सांगत नाही. ३८ ते ४१ हे चार अध्याय तो समुद्र, पाऊस, रानगाढव, शहामृग, बहेमोथ आणि लिव्याथान यांच्याविषयी बोलतो. स्वर्गात सैतानाशी झालेलं बोलणं वाचकाला माहीत आहे, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. त्याला काय मिळालं? ज्याच्याशी भांडत होता तो समोर आला. ज्याला एवढं पुरत नाही त्याला मी दोष देणार नाही. ईयोबाच्या बायकोलाही मला दोष द्यावासा वाटत नाही. देवाला शाप दे आणि मर, असं ती म्हणाली म्हणून शतकानुशतकं तिला बोल लावला गेला. ती दहा मुलं तिचीही होती.

स्तोत्रसंहितेत हाच सूर पुन्हा पुन्हा येतो. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत: किती काळ, तोंड का फिरवलंस, जागा हो. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वं स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. मला त्याचा मोठा आधार वाटतो. ज्याची रात्र अजून सरलेली नाही त्यालाही शास्त्राने प्रार्थनेचे शब्द दिले आहेत आणि शेवटी आभाराचं कडवं जोडण्याची सक्ती केलेली नाही. आपल्या रविवारच्या उपासनेत हे स्तोत्र वाचलेलं मी जवळजवळ ऐकलेलं नाही.

येशूसमोर हा प्रश्न थेट आला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? हा प्रश्न काशीच्या घाटावर किंवा आपल्याकडच्या कोणत्याही ओसरीवर विचारला जाऊ शकला असता. येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाचे डोळे उघडण्याच्या कामाला लागला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, याचं त्याने दिलेलं उत्तर नकाराचंच. गेथशेमानेत त्याने स्वतः प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते २२ वं स्तोत्र, देवाने टाकून दिल्याचं. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्यानेच जर ‘का’ विचारलं, तर पोर गेलेल्या आईने विचारू नये असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

प्रेषितांच्या काळातही हिशेब सरळ नव्हता. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय: हेरोद याकोबाला तलवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली होती का? लूक काहीच खुलासा देत नाही. साक्षीच्या सभांमध्ये आपण पेत्राची गोष्ट सांगतो. याकोबाच्या घरचे लोकही त्याच सभेत बसलेले असतात.

पुढच्या शतकांतल्या उत्तरांवरून भरभर गेलं तरी चालेल. आयरेनियसने जग हे माणूस घडण्याची जागा मानलं, ऑगस्टिनने दुष्टाईचा उगम बिघडलेल्या इच्छेत शोधला. लायबनिझने १७१० मध्ये हेच शक्य तेवढं उत्तम जग आहे असं सिद्ध करायला घेतलं, आणि १७५५ च्या सर्व संतांच्या सणाला, चर्चं भरलेली असताना, लिस्बन भूकंपाने जमीनदोस्त झालं. सी. एस. लुइस यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. १९४० मध्ये त्यांनी वेदनेचा प्रश्न तर्काने उलगडला. १९६० मध्ये पत्नी गेली आणि पुढच्या वर्षी त्यांनी टोपणनावाने जी टिपणं छापली त्यांत दार ठोठावणारा, आतून कडी लावल्याचा आवाज ऐकणारा माणूस आहे. पहिलं पुस्तक खोटं नव्हतं. ते फक्त स्मशानातून परतलेल्याच्या हाती देण्याचं नव्हतं.

विसाव्या शतकात एक वेगळी दिशा दिसते. जपानचे कझो किटामोरी १९४६ मध्ये, युद्धाच्या राखेत, देवाच्या स्वतःच्या वेदनेविषयी लिहितात. जर्मनीचे युर्गेन मोल्टमान यांच्या शेजारीच उभा असलेला मित्र १९४३ च्या हॅम्बर्गवरील बॉम्बहल्ल्यात मारला गेला होता. १९७२ मध्ये ते वधस्तंभावर खिळलेल्या देवाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध करतात. दुःख देणारा देव आणि दुःख सोसणारा माणूस अशी वाटणी हे दोघे मानत नाहीत. देव दुःखाच्या या बाजूला आहे, असं ते म्हणतात. वर सांगितलेली रिकामी जागा यानेही भरत नाही, पण त्या जागेत आपण एकटे नाही हे तरी कळतं.

मराठीत या विषयावर धर्मशास्त्राचे मोठे ग्रंथ फारसे नाहीत. त्यांच्याऐवजी दोन बायकांची आयुष्यं आहेत, आणि मला ती ग्रंथांपेक्षा मोलाची वाटतात.

पंडिता रमाबाई १८५८ च्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि तिने मुलीला संस्कृत शिकवलं आणि कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरलं. दुष्काळ आला तेव्हा घरातली पुंजी व्रतं, दानं आणि अनुष्ठानांत खर्ची पडली होती, कारण देव प्रसन्न होऊन धन देईल असा भरवसा होता. वडील, आई, मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. चोविसाव्या वर्षी रमाबाईंच्या पदरात होती फक्त तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संकटं तिथे थांबली नाहीत. ज्या घरी आईबापांच्या उपवासांनी देव प्रसन्न झाला नाही, त्याच घरच्या मुलीला नव्या धर्मातही सूट मिळाली नाही. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

त्यांच्या ‘माझी साक्ष’मध्ये मला दिसतं ते हे, की देवाशी सौदा करण्याची सवय त्यांनी मुळापासून सोडली. १८९६-९७ च्या दुष्काळात, स्वतः दुष्काळाने पोरकी झालेली ही बाई मध्य प्रांतात गेली, मदत छावण्यांतल्या विधवा आणि मुली पाहिल्या आणि शेकडो जणींना घेऊन परतली. केडगावचं मुक्ती मिशन त्यांच्याच पायावर उभं राहिलं. इथे एक मोह होतो. रमाबाईंचे आईबाप उपाशी मेले ते या मुली वाचाव्यात म्हणून, देवाची योजनाच तशी होती, असं म्हणण्याचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाचा आधार घेऊन हे सर्रास म्हटलं जातं. पौलाने सर्व गोष्टी मिळून कल्याण साधतात असं लिहिलं ते स्वतः फटके खाल्लेल्या पाठीने. शेजारच्याच्या प्रेतापाशी उभं राहून ते म्हणायला त्याने सांगितलेलं नाही. देवाने त्या भुकेतूनही काही उभं केलं, हे मी मानतो. त्यासाठी भूक धाडली, हे मी मानत नाही.

दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची वाट आमच्या भागातून गेली आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, १८९३ मध्ये, एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला ते झाले. पण दुःख कोणाच्या वाट्याला आलं? छळ सोसण्याची ख्रिस्ती भाषा बहुधा धर्मांतर करणाऱ्याविषयी बोलते. इथे निर्णय टिळकांचा होता आणि नवरा जिवंत असून टाकल्यासारखं जिणं लक्ष्मीबाईंच्या नशिबी आलं. लहान मुलं आधीच गेली होती, एक मुलगा हाती होता आणि समाज टोचत होता. त्या देवासाठी काही सोडायला निघालेल्या नव्हत्या. या उपेक्षित दुःखाची नोंद त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाइतकी स्वच्छ मला दुसरीकडे आढळलेली नाही. आणि त्यात कडवटपणा नाही, हसू आहे. स्वतःच्या हालांकडे हसून पाहणं ही काहींना विनोदबुद्धी वाटते. मला ती श्रद्धेची एक जात वाटते, जी उपदेश करत नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचं काव्य अर्धवट होतं. ते पुढे लिहिण्याचं ओझं या कधीही शाळेत न गेलेल्या बाईने उचललं.

आता ज्याविषयी मला राग आहे ते. विश्वास ठेवा, सोसा, ही शिकवण कोण कोणाला देतो ते पाहावं लागतं. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला पेत्राच्या पहिल्या पत्रातला सोशिकपणा वाचून दाखवला जातो. कर्करोगाच्या रुग्णाला सांगितलं जातं की विश्वास कमी पडला, नाहीतर बरं व्हायला हवं होतं. हे एलीफजच्या बोलण्याचंच आजचं रूप आहे, फक्त आता ते ध्वनिवर्धकावरून होतं. धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरला दलितांच्या दुःखातून ईश्वरविचार सुरू करण्याची मागणी केली ती या अंगानेही महत्त्वाची आहे. ज्याचं दुःख माणसांनी रचलेलं आहे त्याला ते देवाची परीक्षा म्हणून स्वीकारायला सांगणं म्हणजे रचणाऱ्यांना मोकळं सोडणं.

आणि असं रचलेलं दुःख आज छत्तीसगडमध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या कितीतरी आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांना गाव सोडून आसरा शोधावा लागला. २ जानेवारी २०२३ ला नारायणपुरात चर्चची मोडतोड झाली. बस्तरच्या छिंदवाडा गावातले एक पास्टर ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. गावात दफन करायला विरोध झाला. प्रेत शवागारात राहिलं, मुलगा बिलासपूरच्या उच्च न्यायालयात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. न्या. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाला मान्यता दिली, न्या. शर्मा यांनी दिली नाही. प्रेत आणखी ताटकळू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या करकापाल इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दोघांनी मिळून दिला.

अशा वेळी आपल्यातलेच काही म्हणतात, कोर्टकचेरी कशाला, देवावर सोडून द्यावं. पौलाने रोमी नागरिक म्हणून कैसराकडे दाद मागितली होती. आणि लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे शिकवायला येशूने एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. तिच्यासमोरचा न्यायाधीश देवाला भीत नव्हता, माणसाला जुमानत नव्हता. ती रोज त्याच्या दारात जाऊन एकच मागणं करत राहिली: माझा न्याय कर. त्या मुलाने वडिलांच्या मातीसाठी केलेला अर्ज मी याच अध्यायाच्या शेजारी ठेवतो. रायपूरच्या आमच्या मंडळ्यांनी तो मध्यस्थीच्या प्रार्थनेत घ्यावा, गावाच्या नावासकट, आणि करकापालपर्यंतचं अंतरही सांगावं.